रॅम्प बांधला, बिल निघालं, पण चढायचं कुणी आणि कसं?

ओळंबा

मंडळी, गेली काही वर्षं महापालिका, नगरपालिका, झेडपी, सगळीकडे दिव्यांगांसाठी सोयी करायचं काम चालू आहे आणि ते चालू आहे याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधी सांगतो. रॅम्प होतायत, फुटपाथवर पिवळ्या टाइल्स बसतायत, लिफ्टमध्ये ब्रेलची बटणं येतायत. पण मी बांधकामात आहे, साईटवर सुपरव्हिजन करतो, आणि काही दिव्यांग मित्रांबरोबर आमच्या शहरातल्या सरकारी इमारतींची मापं घेत फिरतो, त्यामुळे जे दिसतंय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एकच उदाहरण नीट सांगतो. एक क्षेत्रीय कार्यालय. जोतं ४५ सेंटीमीटर, म्हणजे तीन पायऱ्या. शेजारी नवाकोरा रॅम्प, निळा बोर्ड, व्हीलचेअरचं चित्र. टेप लावली तर आडवी लांबी भरली १.८ मीटर. म्हणजे चढाव १:४. नियम सांगतो १:१२, म्हणजे या ४५ सेंटीमीटरसाठी ५.४ मीटर लांबी हवी होती. वरून पॉलिश केलेला ग्रॅनाइट, पावसाचं पाणी पडलं की चपलेचा पाय सुद्धा ठरत नाही. कठडा एकाच बाजूला. वर पोचलं की सपाट जागाच नाही, थेट दरवाजा आणि तो बाहेरच्या बाजूला उघडतो, म्हणजे चढावर एका हाताने खुर्ची थोपवून धरायची, दुसऱ्या हाताने दार ओढायचं आणि त्याच वेळी दाराला जागा द्यायला मागे सरकायचं. खाली उतरताना समोर गटाराची जाळी, तिच्या फटीत पुढचं लहान चाक अडकतं. आमच्याबरोबरच्या मित्राचे हात चांगले मजबूत आहेत, रोज स्वतः खुर्ची चालवतो, तो अर्ध्यावर गेला आणि पुढची चाकं उचलली गेली, आम्ही दोघं मागे उभे होतो म्हणून धरला, नाहीतर डोक्यावरच पडला असता.

आता कायदा नाही म्हणावं तर कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला परवानगीही नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ म्हणतं की जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे ही मुदत २०२२ लाच संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की नियमांत नुसत्या शिफारशी भरून चालणार नाही, कायद्याला सक्ती अपेक्षित आहे, त्यामुळे किमान सक्तीचे नियम वेगळे काढा. आणि दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही, आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यात, सगळं लिहिलेलं आहे. चढाव १:१२ पेक्षा जास्त नको, रुंदी १.८ मीटर, दोन्ही बाजूंना कठडे, न घसरणारी फरशी. टॉयलेट कमीत कमी दीड बाय पावणेदोन मीटर, दार ९० सेंटीमीटर आणि बाहेर उघडणारं.

पैसा नाही म्हणावं तर तोही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असा शासनाचा आदेश आहे, आधी ३ टक्के होते.

मग घोडं अडतं कुठे? माझं म्हणणं असं की ते अडतं मोजमाप पुस्तकात, ज्याला साईटवर एमबी म्हणतात. काम झालं की इंजिनियर येतो, काँक्रीट किती घनमीटर, फरशी किती चौरस मीटर, रेलिंग किती रनिंग मीटर हे लिहितो, त्यावर बिल निघतं. चढाव किती, याला एमबीत जागाच नाही! त्यामुळे १:४ चा रॅम्प आणि १:१२ चा रॅम्प दोन्ही कागदावर सारखेच पास होतात, उलट १:४ च्या रॅम्पला माल कमी लागतो, जागा कमी लागते, तो लवकर होतो. ठेकेदाराला, इंजिनियरला, नगरसेवकाला कुणालाच अडत नाही. ज्याला अडतं त्याला काम सुरू व्हायच्या आधी कुणी विचारत नाही आणि झाल्यावर कुणी बोलावत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे, अंतिम बिल निघायच्या आधी चढाव मोजून एमबीत लिहा आणि एका व्हीलचेअरवाल्या माणसाला तो रॅम्प चढून दाखवू द्या. तुमच्या गावात, शहरात काय परिस्थिती आहे, चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

चाकावरची

ओळंबा दादा, एमबीचं हे मला माहीत नव्हतं आणि वाचून राग आला. मी मुंबईत राहते, बारा महिने व्हीलचेअर. तुमच्या मित्राचं झालं तसं मागे पडायचं भय कायम असतंच पण उतरताना काय होतं तेही सांगते, कारण चालणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही. तीव्र उतारावर खुर्चीला ब्रेक नसतो, म्हणजे पार्किंगचा असतो पण चालत्या चाकाला नसतो, ब्रेक म्हणजे आपले दोन तळहात. चाकाची रिम हातात घसरते आणि तळवे पोळतात. आणि पोळले म्हणून सोडता येत नाही, सोडलं तर थेट रस्त्यावर गाड्यांसमोर.

"मागून ढकलायला कुणीतरी असेलच ना" हे वाक्य मी प्रत्येक ऑफिसात ऐकलंय. नसतं कुणी. आणि असलं तरी ते का असावं लागावं.

बोलार्डचा विषय पण घ्या. फुटपाथवर बाईक चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब लावले, आणि दोन खांबांत इतकी कमी जागा की व्हीलचेअर जातच नाही. म्हणजे बाईकवाला बाजूने कुठूनतरी चढतोच आणि मी मात्र रस्त्यावरून, बसच्या शेजारून चालले आहे. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाने याबद्दल ईमेल लिहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्याच प्रकरणात पुढे दिव्यांगांसाठीचं राज्य सल्लागार मंडळ कार्यरतच नसल्याचं बाहेर आलं आणि कोर्टाने सरकारला झापलं. एका माणसाच्या ईमेलने इतकं हललं, म्हणून मी सगळ्यांना सांगते लिहा, तक्रार करा, "काही होत नाही" म्हणून गप्प बसू नका.

रोखठोक

धागा चांगला आहे पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. आमच्या नगरपालिकेत पाणी तीन दिवसाआड येतं, रस्ते खड्ड्यात गेलेत. व्हीलचेअरवर नगरपालिकेत येणारी माणसं मला तरी कधी दिसली नाहीत. आहे तो पैसा सगळ्यांच्या उपयोगाच्या कामाला आधी जायला नको का? आणि बोलार्ड नसतील तर बाईकवाले फुटपाथवरून नेतात आणि म्हाताऱ्या माणसांना उडवतात हेही खरं आहे.

चाकावरची

रोखठोक, राग नाही मानला. दिसत नाहीत कारण येता येत नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले आणि तेव्हा कायद्यात आताचे २१ प्रकार नव्हते, फक्त सातच होते. ही सगळी माणसं तुमच्या-आमच्या गल्लीतच राहतात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. घरपट्टी त्यांनाही लागते, ती भरायला दुसऱ्याला पाठवावं लागतं.

बोलार्ड नकोत असं मी म्हटलंच नाही. दोन खांबांमध्ये ९० सेंटीमीटरच्या वर मोकळी जागा ठेवा आणि त्यांच्या पुढे-मागे जमीन सपाट ठेवा. खांबाला लागूनच उतार असेल तर ९० सेंटीमीटर असूनही खुर्ची वळत नाही.

डोळस_काठी

मी पूर्ण अंध आहे, टॉकबॅकवर, म्हणजे मोबाईलच्या वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, हा धागा ऐकतोय आणि बोलून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पिवळ्या टाइल्सबद्दल लिहितो कारण त्यावर सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त वायाही तोच जातो.

या टाइल्स दोन प्रकारच्या असतात. लांब उभ्या पट्ट्यांची टाइल म्हणजे सरळ चला. गोल बुटक्या ठिपक्यांची टाइल म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे, पायरी, वळण, रस्ता ओलांडायची जागा. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही कल्पना काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली. साधी गोष्ट आहे, पण ती भाषा आहे. आणि आपल्याकडे ठेकेदाराकडे ज्या टाइल्सचा माल उरलाय त्या तो बसवतो. आमच्या भागातला एक अख्खा फुटपाथ ठिपक्यांचा आहे, म्हणजे पावलापावलावर मला सांगतोय थांब थांब थांब. मग खरोखर जिथे थांबायचं तिथे मला कळणार कसं? दुसऱ्या एका ठिकाणी पट्ट्यांची ओळ सरळ जाते आणि विजेच्या डीपी बॉक्सवर संपते. माझी काठी खाली फिरते, डीपीचं झाकण कमरेच्या उंचीवर उघडं होतं, ते काठीला सापडलं नाही, मला सापडलं.

दुसरं वेबसाइट. एका पालिकेच्या वेबसाइटवर टॅक्स भरायला कॅप्चा आहे, चित्रातली अक्षरं ओळखून टाका, ऐकायचा पर्याय नाही. म्हणजे मला स्वतःचा टॅक्स भरायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं आणि त्याच्यासमोर कार्ड काढावं लागतं. नोटिसा पीडीएफमध्ये असतात पण त्या स्कॅन केलेल्या कागदाचे फोटो असतात, एनव्हीडीए, म्हणजे कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यावर काहीच वाचत नाही, गप्प बसतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून टाकला तर फुकटात काम होतं, काँक्रीटचा एक घमेला सुद्धा लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, म्हणजे आता ही मेहेरबानी राहिलेली नाही.

गोदाकाठचा_मास्तर

आमच्याकडं मराठवाड्यात ग्रामपंचायतीला ५ टक्क्याचा निधी आहे पण तो कसा वाटायलेत ते सांगतो. वर्षाच्या शेवटी, मार्च जवळ आला की सगळ्या दिव्यांगांना बोलवायचं, फोटो काढायचा आन हजार-दीड हजाराचा चेक हातात द्यायचा. आकडा बघितला तर निधी खर्च झाला, कागद बरोबर. पण ग्रामसभा अजून समाजमंदिराच्या माडीवर होती, शाळेच्या संडासाला दोन पायऱ्या, रेशन दुकानाच्या पुढं नाली. ह्याच पैशानं तीन-चार वर्षात गावातल्या सगळ्या सार्वजनिक जागा सुधारल्या असत्या. आमच्या शाळेत एक लेकरू पाठीवर बसून येतंय, त्याची आई उचलून आणती. आता ते सातवीत गेलंय, वजन वाढलंय, मायचे हाल बघवत नाहीत.

पायवाट

मास्तर, तुमचा हेतू चांगला आहे पण मी स्वतः पोलिओ झालेला माणूस आहे, खेड्यातच राहतो, त्यामुळे या मुद्द्यावर बोलणं भाग आहे. ते हजार-दीड हजार तुम्हाला किरकोळ वाटतात, ज्याच्या घरात दुसरी कमाई नाही त्याला नाही वाटत. पायाला आधार द्यायचा कॅलिपर तुटला तर दुरुस्तीला तेवढे लागतात. आणि रॅम्प, संडास, ग्रामसभेची जागा ही कामं माझ्या वाट्याच्या ५ टक्क्यांतून का करायची? शाळा सगळ्या गावाची, समाजमंदिर सगळ्या गावाचं. ते बांधतानाच त्याच्या मूळ अंदाजपत्रकात रॅम्प पाहिजे, जसा पाया असतो तसा. ५ टक्क्यांतून वैयक्तिक लाभ आणि सामूहिक सोय दोन्ही करता येतात, पण सामूहिकच्या नावाखाली एकदा दार उघडलं की पेव्हर ब्लॉक पण त्यातूनच टाकतील आणि म्हणतील दिव्यांगांसाठीच टाकले.

ग्रामसभा माडीवरून खाली आणायला मात्र पैसा लागतच नाही, एक ठराव लागतो. ते आधी करा.

गोदाकाठचा_मास्तर

पायवाट दादा, पटलं तुमचं. ग्रामसभेचा विषय मी ह्याच महिन्यात मांडतो. शाळेसाठी शिक्षण विभागाकडं वेगळा प्रस्ताव देतो.

साईटवरचा

मी एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहे, नाव-गाव सांगत नाही. ओळंबा जे म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, आम्ही क्वांटिटी मोजतो, वापर मोजत नाही. आम्हाला शिकवलंच तसं आहे, दरसूचीतल्या बाबी, त्यांचं एकक, झालं. रॅम्पचं ड्रॉइंग बऱ्याचदा नसतंच, इस्टिमेटमध्ये "रॅम्प करणे" एवढीच ओळ असते आणि मग साईटवर मुकादम ठरवतो.

पण आमचीही एक खरी अडचण ऐका. जुन्या इमारती रस्त्याला चिकटून आहेत. ५.४ मीटरचा सरळ रॅम्प काढला तर तो रस्त्याच्या मध्ये येतो. मग "जागा नाही" म्हणून मिळेल तेवढ्या जागेत कोंबतात आणि तुमचा १:४ तयार होतो. यावर तीन उपाय मी स्वतः केलेत. पहिला, भिंतीला समांतर रॅम्प घ्यायचा, मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा देऊन वळवायचा. दुसरा, पुढच्या दाराचा हट्ट सोडायचा, बऱ्याच इमारतींना बाजूला किंवा मागे जमिनीच्या लेव्हलला दार असतं, ते मुख्य दार करायचं, सगळ्यांसाठीच, फक्त दिव्यांगांसाठी मागचं दार असं नाही. तिसरा आणि सगळ्यात स्वस्त, जन्म-मृत्यू दाखला, घरपट्टी, दिव्यांग योजनेचे अर्ज हे सगळे काउंटर तळमजल्यावर आणायचे. आमच्याकडे दिव्यांग योजनेचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नाही. ते खाली आणायला दोन शिपाई आणि एक दुपार लागली, पण फाईल फिरायला बरेच महिने.

आणि एक, २०२२ पासून कितीतरी महापालिका-नगरपालिकांत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. लोकांना आपल्या वॉर्डात बोलायला कुणी उरला नव्हता, त्याचाही फटका या कामांना बसलाय.

चेन्नैवासी

मी नोकरीनिमित्त चेन्नईत असते. इथल्या महापालिकेने मरीना बीचवर नोव्हेंबर २०२२ मध्ये लाकडी रस्ता केला, थेट वाळूतून लाटांच्या जवळपर्यंत, व्हीलचेअर जाईल असा. पंधरवड्यात मंडूस वादळ आलं आणि त्याचा समुद्राकडचा भाग मोडला. मला वाटलं झालं, आता हे असंच पडून राहणार. पण दुरुस्त करून पुन्हा चालू केला. एरवी आपल्याकडे एकदा मोडलं की मोडलं.

त्याहून मोठी गोष्ट मला एप्रिल २०२५ ची वाटते. तामिळनाडूने कायदा बदलून नगरपालिका आणि पंचायतींमध्ये दिव्यांग व्यक्तींना सदस्य म्हणून नामनिर्देशित करायची तरतूद केली. म्हणजे सभागृहात जेव्हा रस्त्याचा, बसस्टॉपचा विषय येतो तेव्हा तो रस्ता ज्याला अडतो तो माणूस तिथेच बसलेला असेल. आपल्याकडे नगरपालिकांत स्वीकृत सदस्य असतातच, मग त्यात एक जागा यासाठी का नाही?

मांडवीकाठी

गोव्यातून लिहितो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाने पुढाकार घेऊन. मी स्वयंसेवक म्हणून होतो. स्टेजवर खुणांच्या भाषेतले दुभाषे, सगळीकडे रॅम्प, आणि एकाच वेळी इतके व्हीलचेअरवाले लोक रस्त्यावर मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तीन दिवस पणजी वेगळीच दिसत होती. माझं म्हणणं एवढंच की जे तीन दिवसांसाठी जमतं ते बाजारात, कदंबाच्या, म्हणजे आमच्या सरकारी बसच्या, स्टँडवर, पंचायतीत कायमचं पण जमायला पाहिजे.

पिंपळपान

माझा मुलगा कर्णबधिर आहे आणि या सगळ्या चर्चेत त्याचा विषय नेहमीच मागे पडतो, कारण त्याला पायऱ्या चढता येतात, सगळं दिसतं, त्यामुळे "ह्याला काय अडचण" असं लोकांना वाटतं. अडचण अशी की दाखल्याच्या रांगेत नाव पुकारतात. त्याला ऐकू जात नाही, नंबर निघून जातो, आणि परत गेला की क्लार्क ओरडून बोलतो, ओरडून काय उपयोग. टोकनचा आकडा दाखवणारी एक पाटी, समोरासमोर लिहून बोलायला एक पॅड, आणि गरज पडली तर व्हिडिओ कॉलवर दुभाषा, एवढं केलं तर त्याला माझ्याशिवाय जाता येईल. तो आता २२ वर्षांचा आहे, त्याला प्रत्येक ठिकाणी आई सोबत आलेली आवडत नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

पोल्डरकर

मी नेदरलँड्समध्ये आहे. इथलं ब्रेडा नावाचं शहर आहे, त्याला २०१९ चा युरोपचा सुगम्य शहर पुरस्कार मिळाला. जुन्या बाजारपेठेत दगडी फरसबंदी होती, खडबडीत, व्हीलचेअरवाल्याची हाडं खिळखिळी करणारी. ते दगड काढून, कापून, उलटे करून बसवले, वरची बाजू सपाट झाली आणि जुनं रूपही राहिलं. आपल्याकडे पंढरपूर, नाशिक, वाई अशा ठिकाणी घाटावर, जुन्या पेठांत असंच दगडी काम आहे आणि तिथे जाणाऱ्यांत म्हातारी माणसं किती असतात. वारसा आहे म्हणून हात लावता येत नाही असं सरसकट म्हणायचं कारण नाही.

रोखठोक

सगळे प्रतिसाद वाचले. चाकावरची यांनी "दिसत नाहीत कारण येता येत नाही" म्हटलं त्यावर विचार करतोय. आमच्याच वाड्यात एक आजोबा चार वर्षं खाली उतरलेले नाहीत, त्यांना मी यात कधी धरलंच नव्हतं. ओळंबा, नेमकं करायचं काय ते सांगा, अर्ज कुणाला, कसा?

ओळंबा

सांगतो. आधी मोजा. कुणाच्याही मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असतं, फोन रॅम्पवर ठेवला की अंश दिसतात. १:१२ म्हणजे साधारण ४.८ अंश. फोनवर ५ च्या आत आलं तर ठीक, ७ आलं तर १:८ झाला, १४ आलं तर आमच्यासारखा १:४. वर, मध्ये, खाली अशा तिन्ही ठिकाणी ठेवा कारण बरेच रॅम्प शेवटी एकदम खाली वाकतात. फोटोत आकडा आणि जागा दोन्ही दिसू द्या.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये. त्या कामाचं अंदाजपत्रक, ड्रॉइंग, एमबीची पानं आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. कागद खूप असतील तर आधी पाहणी मागा, पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. ड्रॉइंगच नाही असं लेखी उत्तर आलं तर ते उत्तर सगळ्यात कामाचं.

त्यानंतर तक्रार. आधी लेखी, त्या कार्यालयाकडेच. तिथे दाद नाही लागली तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, कार्यालय पुण्यात आहे, त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कलम ८९ खाली पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० हजार ते ५ लाख. पुण्यात राहणाऱ्यांनी नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक पण वापरावं, २००६-०७ पासून आहे, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या प्रभागातलं काम सुचवता येतं. फुटपाथचे उतार, बोलार्ड बदलणं ही कामं त्यात बसतात.

पण तक्रार झाल्यावरची गोष्ट. खरं काम पुढच्या टेंडरमध्ये आहे, म्हणून मी ही अट आमच्या आयुक्तांना देतोय, तुम्हीही जशीच्या तशी द्या: "ठेकेदाराचे अंतिम देयक अदा करण्यापूर्वी रॅम्पचा चढाव किमान तीन ठिकाणी मोजून त्याची नोंद मोजमाप पुस्तकात घेण्यात यावी, तसेच व्हीलचेअर वापरणाऱ्या किमान एका दिव्यांग व्यक्तीने सदर रॅम्पचा प्रत्यक्ष वापर करून दिलेला लेखी अभिप्राय देयकासोबत जोडण्यात यावा."

चाकावरची

"कुणाच्याही मदतीशिवाय वापर करून" असं घाला. नाहीतर दोन शिपाई मागून ढकलतील आणि अभिप्राय चांगला येईल. आणि त्या माणसाला जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन द्या, हे पण कामच आहे.

डोळस_काठी

त्याच अटीत टाइल्सची पण एक ओळ हवी. "स्पर्शटाइल्सचा मार्ग अंध व्यक्तीने काठीच्या साहाय्याने संपूर्ण चालून तपासावा." आमच्या शहरात हे करायला मी तयार आहे, बोलावलं की येतो.

साईटवरचा

आणखी एक घाला, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. काम झाल्यावर दोषदायित्व कालावधी असतो, तोपर्यंत ठेकेदाराची अनामत आमच्याकडे असते. त्या काळात रेलिंग हललं, टाइल उखडली, कुणी मध्येच चेंबर उचलून ठेवलं तर ठेकेदाराकडून फुकट दुरुस्त करून घेता येतं. कालावधी संपला की नवीन टेंडर, नवीन पैसे. म्हणून तो संपायच्या दोन महिने आधी हीच तपासणी पुन्हा करावी असं लिहा. तारीख कामाच्या बोर्डवर असते, नसेल तर माहिती अधिकारात तीही मागा.

ओळंबा

तिन्ही दुरुस्त्या घेतो. सुधारलेला मसुदा उद्या इथेच टाकतो, मास्तर, ग्रामपंचायतीसाठी वेगळा करून देतो. ज्यांनी आपापल्या भागात अंश मोजलेत त्यांनी जागा आणि आकडा खाली लिहा, सगळे एकत्र करून अर्जाला जोडू.